मोंतारेलीचा जांभळा कोट

चौबे कॉलोनीतल्या ड्रायक्लीनच्या दुकानात माझ्यापुढे मायलेकी उभ्या होत्या. पोरीच्या हातात जांभळा कोट, त्याला सिंहाच्या तोंडाची सोनेरी बटणं.

“आई, इटलीचा मोंतारेली आहे हा! याचे जुने पीस लोक शोधून राहिले आता.”

“शोधू दे. आमच्या लग्नाच्या रिसेप्शनले तुह्ये बाबा हा घालून आले, तं माह्या मामानं त्यायलेच विचारलं, भैया, बाकीची बँडपार्टी कुठाय?”

“तेव्हा चीप वाटत असेल. आता विंटेज म्हणतात.”

“मंग मलेबी विंटेज म्हण ना. म्हातारी काहून म्हणतं?”

“बाहीवरचं लेबल कुठाय पण? त्याच्याबिना कोणी ओरिजिनल मानत नाही.”

“मीच ब्लेडनं काढलं. ते दिसावं म्हणून तुह्ये बाबा नमस्कारबी बाही पुढं करून करत. लाज वाटे मले.”

“फेकलं?”

“फेकीन काहून? हे काय, पर्सले शिवलं.”

“आई! ही पर्स तं आपल्या गोलबाजारातली आहे!”

“हळू बोल. महिला मंडळात पंचवीस वर्षांपासून ही इटलीची आहे.”

“दे ना मले. कोटाले परत लावतो.”

“अन् मंडळात मी काय सांगू?”

“आई, प्लीज!”

“नाही म्हणजे नाही. कोट तेव्हाबी भंगार होता, पोट्टे. चांगलं होतं ते लेबलच.”

तेवढ्यात त्यांचा नंबर आला. आईनं लेबल समोर येईल अशी पर्स काउंटरवर ठेवली.

“भैया, कोट जरा संभाल के धोना. इटली का है.”