अर्ध्या ओळीचा थांबा

भाची: आज पुन्हा तेच केलंस ना, आत्या? स्तोत्र म्हणताना ओळीच्या मधोमध थांबलीस.

आत्या: थांबले. एका श्वासापुरती. तो काय पट्टी लावून मोजतेस?

भाची: तुझा श्वास चालू दे गं. पण तू थांबलीस म्हणून पहिला बाक थांबला. मागे मोचीकाका, त्यांच्या गाडीला ब्रेकच नाही. शेवटी अर्धी मंडळी एका ओळीत, अर्धी दुसरीत. आणि मी या चर्चची पाळक असून कुठल्याच ओळीत नाही.

आत्या: देवाला दोन्ही ओळी पाठ आहेत.

भाची: हसण्यावारी नेऊ नकोस. ऑर्गनवाल्या बाई तणतणत गेल्या. म्हणाल्या, तुमच्या आत्याबाईंमुळे स्तोत्राचा पार विचका होतो, त्यांना मनातल्या मनात म्हणायला सांगा.

आत्या: त्यांचं कळलं. तुझं सांग.

भाची: मला वाटतं... सायंप्रार्थनेला तू नुसती बसलीस तर?

आत्या: बरं. वेदीवरची ती डावीकडची मेणबत्ती विझव आधी. फार जळलीये.

भाची: रागावलीस?

आत्या: रागावले नाही. वाईट वाटलं. उद्यापासून मी घरी खोलीतच म्हणेन. अगं, आयुष्य मठात गेलं माझं. एक वेळ जेवायचं कसं ते विसरेन, पण हा थांबा नाही. मठाला कुलूप लागलं, भावाच्या लेकीनं मायेनं घरी आणलं, सगळं छान. पण तिथलं म्हणून एवढं एकच बरोबर आणलंय मी.

भाची: पण थांबायचं तरी कशाला?

आत्या: आम्ही समोरासमोर बसायचो, दोन रांगांत. एक ओळ या रांगेनं म्हणायची, मधे थांबून. पुढची त्या रांगेनं, तीही मधे थांबून. त्या थांब्यात कधी कबुतरं ऐकू यायची. कधी शेजारणीच्या पोटातली गुरगुर. आणि कधी काहीच नाही. ते काहीच नाही इतकं मऊ असायचं, की वाटायचं, कुणीतरी हळूच येऊन बसलंय आपल्यात. घाई केली तर उठून जाईल.

भाची: शेवटी दोघीच उरला होतात ना तुम्ही?

आत्या: दोघीच. समोर उंच सिस्टर, इकडे मी. मग ती गेली.

भाची: मग तिच्या ओळी कोण म्हणायचं?

आत्या: कुणीच नाही.

भाची: तू का नाही म्हटल्यास?

आत्या: तिच्या होत्या त्या. मी माझी ओळ म्हणायची आणि तिची होईपर्यंत गप्प राहायची. ऊन तिच्या रिकाम्या बाकावर यायचं, सरकत सरकत भिंतीवर चढायचं. कधी वाटायचं, म्हणतेय ती. हसतेस?

भाची: नाही.

आत्या: मग रडतेस.

भाची: आत्या, बाबा गेल्यापासून मी धडाधड वाचत सुटते. आमेन येईस्तोवर मान वर करत नाही. जरा थांबले की त्यांचा खोकला ऐकू येतो, त्यांच्या त्या खांबाजवळच्या बाकावरून. मंडळीसमोर हुंदका फुटला तर? पाळकानंच रडायचं?

आत्या: म्हणजे ब्रेक मोचीकाकांचा नाही, तुझा गेलाय.

भाची: माझाच. ते बिचारे माझ्यामागून पळतात.

आत्या: वेडे, मलाही येतो ऐकू. माझा भाऊ होता तो. लहानपणापासून मेल्याला बरोबर प्रार्थनेतच खोकला यायचा.

भाची: तुलाही? मग तुला थांबणं जमतं कसं?

आत्या: म्हणून तर थांबते. संपू दे की त्याचा खोकला.

भाची: आता ऑर्गनवाल्या बाईंना काय सांगू?

आत्या: सांग, पाळकबाई श्वास घ्यायला शिकतायत. जरा दमानं घ्या. ये, त्या समोरच्या बाकावर बस. डोळे पूस. आजचंच स्तोत्र. पहिली ओळ माझी.

(आत्या ओळ म्हणते, मधे थांबून. मग दोघी गप्प. बाहेर कुठेतरी सायकलची घंटी वाजते.)

भाची: आत्या... पुढची ओळ?

आत्या: तुझी. होऊ दे सावकाश. मी थांबलेय.