डाव्या बुटाचा तळ

बायको : तळाकडे बघा, मिस्त्री. वरचं पॉलिश राहू द्या.

मिस्त्री : बघतोय वहिनी. बूट आहे. सरांचा. डावा.

बायको : उजवा पिशवीत आहे, अगदी नव्यासारखा. दोन्ही एकाच दिवशी घेतलेत, दीड महिन्यापूर्वी. मग हा एकटाच कसा झिजला?

मिस्त्री : चाल बदलली असेल. मणक्याचं एवढं मोठं ऑपरेशन झालंय...

बायको : चालून टाच झिजते. मी शिवणकाम करते, झिजलेलं आणि घासलेलं यातला फरक मला कळतो. हा चवड्याखाली घासलाय. गाडी थांबवताना पाय टेकवल्यासारखा.

मिस्त्री : चहा सांगू?

बायको : नको. ह्यांची ही नवी तीनचाकी स्कूटर आपली आपण उभी राहते, पाय टेकवायची गरजच नाही, हे तुम्हीच सांगितलं होतं ना मला? तोल सांभाळायला नको, म्हणून तर डॉक्टर हो म्हणाले.

मिस्त्री : खरंय ते.

बायको : मग पाय टेकवावा लागतो ती गाडी कोणती?

मिस्त्री : वहिनी, तुम्ही पोलिसात असायला हव्या होत्या.

बायको : विषय बदलू नका. पाठीत स्क्रू आहेत त्यांच्या. दुचाकीवरून एकदा पडले की संपलं, दुसरं ऑपरेशन करता येणार नाही. जुनी गाडी विकली म्हणालात. कुणाला?

मिस्त्री : होता एक... मागच्या गल्लीतला.

बायको : ह्यांनी सांगितलं, बाहेरगावचा होता. दोघांनी आधी आपसात ठरवून तरी घ्यायचं! त्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली काय आहे?

मिस्त्री : भंगार.

बायको : भंगाराला आरसा असतो? बाहेर डोकावतोय.

मिस्त्री : अहो वहिनी, हात काळे होतील!

बायको : होऊ देत. ही बघा! बावीस वर्षं हिच्यावर मागे बसले, मी ओळखणार नाही?

मिस्त्री : विकवत नव्हती त्यांना. म्हणाले, राहू दे इथेच, घरी कळू देऊ नकोस. मला गाडी त्यांनीच शिकवली, नाही कसं म्हणू? पण चालवली नाही हो. चाकं दाबून बघा, हवा नाही. बॅटरी काढून फळीवर ठेवलीय. सीटवर बोट फिरवा.

बायको : धूळ आहे खरी.

मिस्त्री : आता ती काय मी चाळणीनं चाळून टाकली?

बायको : तुमचा काही नेम नाही. मग बुटाचं काय?

मिस्त्री : त्यांनाच विचारा. आलेच बघा फाटकातून.

सर : तू? दुकान बंद ठेवून इथे? आणि ही ताडपत्री कुणी काढली?

बायको : पाय.

सर : काय पाय?

बायको : आत्ता थांबताना डावा पाय खाली टाकलात. तीन चाकं असून.

सर : सवय गं. छत्तीस वर्षं ड्रायव्हिंग क्लासमध्ये पोरांना एकच घोकून घेतलं, वेग कमी झाला की डावा पाय जमिनीवर. झोपेतसुद्धा टाकीन मी.

मिस्त्री : वळणावर अंगही टाकतात. गाडी ताठ, आणि हे एकटेच कलंडलेले.

सर : तू गप रे. मीच शिकवलेली पोरं बघून हसतात, म्हणून मैदानामागे जाऊन शिकत होतो. गुपचूप. झालं समाधान?

बायको : एवढंच?

सर : एवढंच.

बायको : मग सांगायचं ना, अहो! मी रात्रंदिवस बूट हुंगत बसलेय. द्या तो इकडे, मिस्त्री. थांबा. टाचेवर ही नक्षी कसली?

मिस्त्री : चिखल असेल.

बायको : चिखल नखानं निघतो. इथे चामडं दबलंय. तिरक्या रेघा, मध्ये फट. तुमच्या तीनचाकीच्या मागच्या चाकावर आहेत तशाच.

सर : चल, घरी जाऊ.

बायको : पाय खाली टाकला, गाडी पुढे सरकली, आणि मागचं चाक... अहो, चाक गेलं पायावरून?

मिस्त्री : कडेवरून फक्त, वहिनी. मंगळवारी.

सर : मिस्त्री!

मिस्त्री : नाही सर, चार दिवस घास उतरत नाहीये माझ्या घशाखाली. वहिनी, मी ओरडलो, "पाय! पाय!" तर हे वळून मला विचारतात, "कुणाचा?"

बायको : कुणाचा.

सर : इंजिनाच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही. लागलं होतं की थोडं.

बायको : म्हणून मोजे घालून झोपताय. डॉक्टरांनी बजावलं होतं, बधिरपणा आला तर त्याच दिवशी या, उशीर झाला तर पाय हातचा जाईल. आणि बुधवारी त्यांना काय सांगितलंत? "उत्तम."

सर : तपासलं ना त्यांनी? डोळे मिटून बोटं ओळखायला लावली. पाचही बरोबर आली. तू समोर होतीस.

बायको : मी त्यांच्या हाताकडे बघत होते. तुमच्या डोळ्यांकडे नाही. बसा त्या स्टुलावर. मिस्त्री, ह्यांच्या डोळ्यांवर हात धरा.

मिस्त्री : माझे हात ग्रीसचे आहेत.

बायको : धरा. बोटांत फट नको.

सर : काय पोरखेळ लावलाय! हीसुद्धा गाडी गेली तर मी काय करायचं? खिडकीत बसून लोकांचे चुकलेले गिअर ऐकायचे?

बायको : मोजा काढलाय. सांगा, कुठलं बोट धरलंय?

सर : अंगठा.

बायको : नक्की?

सर : अंगठाच. चांगला घट्ट धरलायस.

बायको : मी अजून हात लावलेला नाही.

मिस्त्री : सर... काढू का हात?

सर : नको. राहू दे जरा तसाच. तू डॉक्टरांना फोन लाव गं.