काशाचा स्वल्पविराम

ताई : शी! हे काय उभं केलंयस? शेपटी फुटलेला बेडूक?

शिल्पकार : ताई, स्वल्पविराम आहे तो. अख्खा काशाचा. पलीकडे उद्गारचिन्ह, कोपऱ्यात पूर्णविराम. उद्या प्रदर्शन आहे.

ताई : पूर्णविराम म्हणजे तो काळा गोळा? मला वाटलं, म्हैस येऊन गेली की काय! आणि हे बघायला लोक नटूनथटून येणार?

शिल्पकार : तुला नाही कळायचं. हा स्वल्पविराम बाबांवरच केलाय. नाव ‘श्वास’. गाताना ते मध्येच थांबतात ना, तसा.

ताई : तुझे ते बाबा खाली जिन्यात धापा टाकतायत. आधी त्यांच्या झांजा आण. दुखण्यातून उठल्यावर उद्या पहिल्यांदाच गायला उभे राहणार. सकाळपासून एकच धोशा, ‘झांजा आणल्या का?’ दोरीचं भोक झिजलेलं, तेवढं नीट करायला दिल्या होत्या तुला.

शिल्पकार : हो... बघतो.

ताई : बघतो काय? खुंटीवर नुसती दोरी लोंबतेय. झांजा कुठायत?

शिल्पकार : ऐनवेळी रस कमी पडला गं. भट्टी पेटलेली, साचा तापलेला. थांबलो असतो तर साचाच तडकला असता. हाताला जे काशाचं लागलं, ते मुशीत टाकलं.

ताई : वितळवल्यास? अरे, बाबांच्या बोटांनी गुळगुळीत झालेलं कासं ते! किळस येते मला तुझी.

शिल्पकार : नव्या आणून देतो ना.

ताई : देव्हारा जाळून हात शेकलेस, आणि वर म्हणतोस, नवा आणतो!

(वडील दारात उभे. हातात रिकामी कापडी पिशवी.)

वडील : पार जिन्यापर्यंत ऐकू येतंय तुमचं. कुठल्या भागात आहेत रे त्या?

शिल्पकार : बाबा... शेपटीत.

वडील : बघू, जरा वाजवून बघू दे. हं. बद्द. फुटक्या मडक्यासारखं.

शिल्पकार : बाबा, तुमचाच श्वास आहे तो.

वडील : माझा? अरे, कडवं संपलं की मी नुसत्या झांजा वाजवत राहायचो. लोक म्हणायचे, काय रंग चढलाय बुवांना! रंग कसला? मला तेवढाच दम खायला मिळायचा.

ताई : चला बाबा. नका बघू ते.

वडील : कापड टाक रे त्याच्यावर. आणि पोरी, खुंटीवरची ती दोरी तेवढी घे पिशवीत.