फुगलेली शिडं

निखिलला कुणीही ‘कसं चाललंय?’ विचारा, उत्तर ठरलेलं, ‘चाललंय आपलं कसंबसं.’ पुण्यात कुणी मनावर घेत नसे. पण वेलिंग्टनला, आमच्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी, त्याचा इटालियन साहेब पाओलो जेवायला आला. पुढच्याच आठवड्यात तो निखिलची नोकरी पक्की करायची की नाही ते ठरवणार होता.

“नवा देश, नवं लग्न. कसं चाललंय?”

निखिलने तेच उत्तर इंग्रजीत दिलं.

पाओलोने हातातली पोळी खाली ठेवली. “परत जायचं असेल तर आत्ताच सांग. मी दुसरा माणूस बघतो.”

निखिल माझ्याकडे बघू लागला. मी तोपर्यंत नुसती वाढत होते. म्हटलं, “तुमच्याकडे सगळं उत्तम चाललं असेल तर काय म्हणतात?”

“आ गोन्फ्ये वेले. म्हणजे शिडं वाऱ्याने फुगलेली!”

“मग आमचं अगदी आ गोन्फ्ये वेले चाललंय. आम्ही कुठेही जात नाही.”

पाओलो खदखदून हसला. “सोमवारी कागद तयार ठेवतो,” म्हणाला आणि त्याने आणखी भाजी वाढून घेतली.

तो गेल्यावर निखिल कुजबुजला, “अगं, असं उघड बोलतात का? दृष्ट लागेल ना!”

“लागू दे की. तिला इटालियन कुठे कळतंय?”