बनुबाईंनी काम का सोडलं

वरद : पगाराचं कारण असेल तर सरळ सांगा, मावशी. त्यासाठी तर घरापर्यंत आलो.

बनुबाई : पगाराचं न्हाई, वरददादा. त्या मोठ्या कारखान्यात तेवढाच मिळतोय. वर माधवनगरातनं रोज बस धरून जावं लागतंय.

वरद : मग? बाबांच्या वेळेपासून तुम्ही आमच्याकडं शाळेचे गणवेश शिवताय. माझं काही चुकलं का?

बनुबाई : तुमी कवा मोठ्यानं बोलला न्हाईसा.

वरद : आधी मयूरीनं शिवणकाम सोडलं, आता तुम्ही. डोक्यातून जातच नाही माझ्या. पंखे बसवले, थंड पाण्याचं मशीन आणलं...

बनुबाई : ते पानी कोन पितंय का, बघितलंय?

वरद : नाही पीत कुणी. मला वाटलं, चव आवडत नसेल.

बनुबाई : चव चांगली हाय.

वरद : मग का नाही पीत?

बनुबाई : आता कसं सांगायचं. पुरुषमानूस तुमी.

वरद : सांगा. हवं तर मी खाली बघतो.

बनुबाई : (हसून) पानी प्यालं की जावं लागतंय. आपल्याकडं बायकांना संडास कुठं हाय? शेजारच्या यंत्रमागाच्या शेडात जायचं. तितं सगळी बापयमानसं, दाराला कडी न्हाई. एकीनं आत जायचं, दुसरीनं दार धरून उभं ऱ्हायचं. त्यापरास घोटच घेयाचा न्हाई.

वरद : सगळ्याच जणी?

बनुबाई : सगळ्याच. मयूरी पोटुशी. डाक्टर म्हनला, पानी भरपूर पी. तिनं कामच सोडलं.

वरद : ती तर म्हणाली, सासरचे नको म्हणतायत.

बनुबाई : मालकाला दुसरं काय सांगनार?

वरद : बाबांनाही कुणी बोललं नाही?

बनुबाई : त्यांनी इचारलं न्हाई. तुमी निदान आलासा.

(काही महिन्यांनी, वरदच्या कारखान्यात.)

बनुबाई : संडासाला फरशीबी लावली की.

वरद : जागा आपल्या शिवणाऱ्या अंकितानं ठरवली. माझं टेबल होतं तिथं.

बनुबाई : मग तुमी कुठं बसता?

वरद : कापडाच्या गठ्ठ्यांजवळ. परवा ती म्हणाली, पंख्याचा सगळा वारा तुमच्याकडंच येतो. मग पंखाही फिरवला.

बनुबाई : चांगलं झालं. बाया बोलाया लागल्यात.

वरद : मावशी, तुम्ही परत याल?

बनुबाई : न्हाई. तितं फंड कापत्यात, म्हातारपनाला कामाला यील. वाईट वाटलं का?

वरद : वाटलं थोडं.

बनुबाई : वाटनारच. मलाबी तितं शेजारनीसंगं बोलायची चोरी हाय. हितल्यावानी न्हाई.

वरद : मयूरी कशी आहे?

बनुबाई : पोरगी झाली तिला. बाळ आता सासूजवळ ऱ्हातंय. काम कुठं बघू, म्हनून इचारत व्हती.

वरद : काय सांगितलंत?

बनुबाई : थांब म्हनलं, आदी मी बघून येते. आता जाताना तिच्याकडनंच जानार हाय.