गुडघाभर वाडी

(नागभीडकडचं एक गाव. गोकुळाच्या घरामागची भाजीपाल्याची वाडी. गोकुळा आणि तिचा धाकटा दीर इस्तारी विळ्यांनी मका कापताहेत.)

गोकुळा : बुडापासून कापा, भाऊजी. खुंट ठेवू नका.

इस्तारी : खुंट राह्यले तं काय होते? खुंटामांगं का बिबट लपते?

गोकुळा : मले दिसले नाई पायजे. म्हणून म्हटलं.

इस्तारी : वहिनी, थोडं बसा ना. सकाळपासून घोटभर पाणी नाई घेतलं तुमी.

गोकुळा : बसली तं उठणं होणार नाई. ती मांगची ओळ राह्यली.

इस्तारी : ती मी कापतो. तिकडं तुमी नका जाऊ.

गोकुळा : काऊन? तुमच्या बायकोले म्यानंच धाडलं होतं तिकडं. ‘मांगच्या ओळीतले कणसं भरले, रीता. जा, तोडून घे हर्षासाठी.’ एवढं म्हटलं आन चुलीवरचा भात पाहाले मी आत गेली.

इस्तारी : कुत्र्याच्या वासानं बिबट आला, आन तिथी दडून बसला. तुमाले का सपनात दिसणार होता?

गोकुळा : मले नाई दिसला. गावाले दिसला. गिरजाबाई बोडीवर धुणं धुताना सांगत होती, गोकुळाच्या जंगलानं बिबट आणला म्हणून. मागच्या हिवाळ्यात हीच बाई माझी जांभळी गोबी पाहाले आली होती. मोबाईलवर फोटो काढला, लेकीले धाडला.

इस्तारी : सोडा तिचं.

गोकुळा : सोडलंच. भांडाची ताकद नाई आता.

इस्तारी : लोकं भेले हाय, वहिनी. भेलेला माणूस काईबी बोलते. पण जंगलखात्याचा गार्ड बोलला ते खरं हाय. घराजवळ गुडघ्याच्या वर काई वाढू देऊ नका म्हणे. खाली असन ते राहू द्या. उभं राह्यलं की कुडापर्यंत आरपार दिसलं पायजे.

गोकुळा : म्हणजे लाल भेंडी गेली. हा वेलीचा मांडवबी गेला.

इस्तारी : जावाच लागते.

गोकुळा : तुमचे दादा गेले तवा इथी काय होतं? नुसता पालापाचोळा. आचल वरोऱ्यावरून येताना बियायच्या पुड्या आणे. असं कोणाच्या वाडीत नाई, आई, लावून पाय म्हणे. म्या लावलं. उगवलं का, हे पाहासाठी सकाळी उठणं होऊ लागलं. नाई तं मी खाटेवरच पडून राहो.

इस्तारी : मालूम हाय मले.

गोकुळा : ही वेल फुलावर आली बघा. हिच्या फळाचं आंबटगोड सरबत होते म्हणे. म्या तं चाखलंच नाई.

इस्तारी : राहू देऊ का दोन-चार दिवस?

गोकुळा : नाई. मांडवाची तार धरा तुमी. मी कापतो.

रीता : बाई! थांबा जरा.

इस्तारी : तू काऊन उठली? डॉक्टरनं पडून राहा म्हटलं ना?

रीता : हात गळ्यात बांधला हाय. पायाले काई झालं नाई.

इस्तारी : एकटीच आली?

रीता : दिवसाढवळ्या, कुडाच्या फाटकातून. कोणती मोठी वाट हाय? तुमी जा बरं. हर्षा घरी एकटी हाय, आन बांधीत धानाचे भारे तसेच पडून हाय.

इस्तारी : मांडव राह्यला ना.

रीता : तो आमी पाहून घेतो. जा ना!

गोकुळा : जा, भाऊजी. दुपारी जेवाले या.

इस्तारी : येतो. तिले बसवा, वहिनी. ऐकत नाई ती.

गोकुळा : बस, रीता. इथी बस, उन्हात.

रीता : तुमी मले पाहाले आल्या नाई.

गोकुळा : दवाखान्यात आली होती ना.

रीता : दाराजवळ उभ्या होत्या. मी पाह्यलं. घरी आल्यावर तेवढंबी नाई. गडचिरोलीवरून माझी मावशी आली. कुडाच्या इकडून तुमचं येणं झालं नाई.

गोकुळा : डबा धाडत होती.

रीता : डबा बोलते का माणसासंगं? रोज तो डबा पाहून तुमचा राग येऊन राह्यला होता मले.

गोकुळा : येणारच. म्यानंच तुले तिकडं धाडलं.

रीता : त्याचा नाई वो! कणसं मीच मांगतले होते. बिबट का तुमाले इचारून झेपावला? उलट तुमी विळा घेऊन धावल्या, बोंबा मारत. त्या बोंबलण्यानं पळाला तो. हे गावात कोणी सांगत नाई. तुमीबी सांगत नाई.

गोकुळा : मले आठवत नाई धावलेलं. तुझी साडी तेवढी आठवते. डोळे मिटले की दिसते.

रीता : मले तुमी आठवता. पदर खाली, केस मोकळे. मी पडल्यापडल्या म्हटलं, बाईले काय झालं हे!

गोकुळा : हसू नको. टाके ताणतीन.

रीता : सारीच वाडी काढून राह्यल्या का?

गोकुळा : हो. थकली मी. कोणासाठी करू?

रीता : गोबी तं खालीच हाय. मुळे हाय, गाजर हाय. गुडघ्यालेबी लागत नाई. आन आचल त्या स्ट्रॉबेरीचे रोपं आणून देतो म्हणे ना? ते तं भुईलेच चिकटून राहते.

गोकुळा : आपल्या इथच्या उन्हात करपते ते.

रीता : हिवाळाभर तं टिकन? औंदा मले धान कापाले जाता येत नाई. एका हातानं पाणी टाकीन मी.

गोकुळा : आज नको इचारू.

रीता : बरं. नाई इचारत. आना ती तार इकडं, मी धरतो.

गोकुळा : चांगल्या हातानं धर. ताणू नको... हं. झालं.

रीता : वर एक फांदी अडकून राह्यली.

गोकुळा : राहू दे. सुकून पडन. तू जा आता, आराम कर.

रीता : ज्या कामासाठी आली ते तं राह्यलंच.

गोकुळा : कोणतं?

रीता : केस. त्या दिवसापासून विंचरलेच नाई. ह्यायले म्हटलं वेणी घाला, तं त्यायनं धानाची पेंढी बांधल्यावाणी बांधून ठेवलं. हर्षा विंचरते तं ओढते.

गोकुळा : मावशी होती ना?

रीता : मावशीले नाई म्हटलं.

गोकुळा : टाके मानेवरबी हाय का?

रीता : मानेच्या खाली. हात वर नाई जात.

गोकुळा : थांब. हात धुऊन तेल घेऊन येतो. चिकानं भरले हाय हात.

रीता : या. मी बसली हाय.

गोकुळा : हं, आणलं तेल. मान खाली कर. अजून थोडी. गुंता लय झाला गं. दुखलं तं सांगजो.

रीता : दुखन तं दुखन. तुमी विंचरा.