काठच्या ओळीतली ओंबी

“शेतातली पहिली ओंबी देव्हाऱ्यातल्या अन्नपूर्णेला. चुकवू नकोस हं, वेणू,” सासूबाई जाताना म्हणाल्या होत्या. पुढं संस्थान मध्यभारतात विलीन झालं, त्यांचं तळ्याकाठचं इनामाचं शेत सरकारी कृषी कॉलेजला गेलं, आणि यंदा वेणूताई दौलतगंजच्या बाजारात रेशनच्या गव्हासाठी रांगेत उभ्या होत्या. मागं दोघं भावंडं बोलत होती.

“लीले, आमच्या कृषी कॉलेजात वर्गच शेतात. शिकायचं तिथं, शोध तिथं, अन् सापडेल ते गावोगाव जाऊन सांगायचं. पुढं विद्यापीठ होणार म्हणतात.”

“म्हणजे दादा, तू नांगर धरणार? आई तर पोरगा साहेब होणार म्हणून पेढे वाटतेय.”

“वाटू दे. अगं, तळ्याकाठच्या शेतात गव्हाचं नवं वाण लावलंय, एकदम बढिया. ओंबी न् ओंबी तोलतात. कुणी तोडायची नाही.”

“एकही नाही?”

“काठच्या ओळी सोडून. त्यांना ऊन-वारा जास्त मिळतो, म्हणून त्या हिशेबात धरत नाहीत.”

वेणूताई वळल्या.

“बाळा, त्या काठची एक ओंबी कुणी मागितली, तर देतील?”

“देतील की, काकू. फाटकाशी माळी असतो, त्याला सांगा. पण तुमचा नंबर आलाय.”

“तुम्ही व्हा पुढं,” म्हणत वेणूताईंनी रिकाम्या पिशवीची घडी घातली आणि तळ्याची वाट धरली.